डोंगराला पडलेली भेग आकाशातून कशी दिसते?



नकाशाचा पाठ शिकवताना एकदा मी मुलांना उपग्रहाने काढलेले दोन फोटो दाखवले. दोन्ही हिमालयातल्या एकाच डोंगराचे. एक आधीचा, एक नंतरचा. "काय बदललं ते शोधा," एवढंच सांगितलं. मुलांनी दोन मिनिटांत शोधलं. आधीच्या फोटोत डोंगराच्या उतारावर पांढरंशुभ्र बर्फ होतं. नंतरच्या फोटोत तिथे मोठा काळपट खड्डा पडला होता आणि खालची दरी धुळीने माखली होती. मग मी आणखी जुने फोटो दाखवले. त्यात त्या बर्फावर एक भेग दिसत होती आणि ती दरवर्षी रुंद होत गेली होती. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, फोटोत भेग दिसत होती, तर मग लोकांना आधी का नाही सांगितलं?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. "चांगला प्रश्न आहे," म्हणून मी पुढे गेले. आपण सगळेच कधीतरी असं करतो! पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग शोधाशोध केली, वाचलं, आणि जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. आधी उपग्रहाला डोंगर कसा 'दिसतो' ते पाहू, मग त्या डोंगराची गोष्ट आणि शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर.

भूगर्भ अभ्यासायला आकाशात कशाला जायचं?

खडकांचा अभ्यास म्हटलं की हातोडी, होकायंत्र आणि पाठीवर पिशवी घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ते खरंच आहे. खडक हातात घेऊन, फोडून बघितल्याशिवाय त्याची पक्की ओळख पटत नाही. पण सहा हजार मीटर उंचीवरच्या बर्फाळ कड्यावर हातोडी घेऊन जाणार कोण? घनदाट जंगल, वाळवंट, सीमेजवळचे भाग, रस्ता नसलेल्या दऱ्या अशा ठिकाणी पायी पोहोचायला आठवडे लागतात, आणि पोहोचलं तरी समोरचा एकच उतार दिसतो.

दुसरी अडचण आकाराची. मुंगी भिंतीवरून चालत असेल तर तिला भिंतीला गेलेला तडा कळतो, पण तो कुठून कुठे गेलाय हे कळत नाही. आपण दोन पावलं मागे सरकून उभे राहिलो की पूर्ण तडा दिसतो. उपग्रह म्हणजे असं सातशे-आठशे किलोमीटर मागे सरकून बघणं.

२३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने पहिला लँडसॅट उपग्रह सोडला. जमिनीचे फोटो पुन्हापुन्हा, ठरावीक दिवसांनी घेत राहायचं हे त्याचं काम. भारताने १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात पाठवला. दूरसंवेदन म्हणजे वस्तूला हात न लावता दुरून तिची माहिती घेणं.

उपग्रहाचा फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

मुलांना मी हे रांगोळीवरून समजावते. रांगोळीत ठिपके जितके जवळजवळ, तितकी नक्षी बारीक काढता येते. उपग्रहाचं चित्रही छोट्या छोट्या चौकोनांचं बनलेलं असतं. पहिल्या लँडसॅटच्या चित्रात एक चौकोन म्हणजे जमिनीवरचा सुमारे ८० मीटरचा तुकडा होता. आमची अख्खी शाळा, मैदानासकट, एका ठिपक्यात! आजच्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा चौकोन १० मीटरचा आहे, म्हणजे दोन वर्गखोल्यांएवढा. आपल्या कार्टोसॅट-१ चा चौकोन अडीच मीटरचा होता.

पण मग सगळीकडे बारीक ठिपक्यांचेच फोटो का घेत नाहीत? कारण ठिपका बारीक असला की सहसा एका वेळी कमी जागा टिपता येते आणि त्याच जागी परत यायला वेळ लागतो. म्हणून काम बघून उपग्रह निवडावा लागतो. मोठी रचना बघायची असेल तर मोठा ठिपका चालतो. एखादी भेग मोजायची असेल तर बारीक ठिपकाच हवा.

खडक ओळखायचा कसा?

इथे खरी गंमत आहे. आपल्या डोळ्यांना लाल ते जांभळा एवढेच रंग दिसतात. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला त्यापलीकडचा अवरक्त प्रकाशही टिपता येतो. प्रत्येक पदार्थ काही प्रकाश शोषतो आणि काही परत पाठवतो. लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती निळा प्रकाश शोषते आणि लाल परत पाठवते, म्हणून ती तांबूस दिसते. तसंच चिकणमातीची खनिजं अवरक्तातला एक विशिष्ट पट्टा शोषून घेतात आणि चुनखडी थोडा वेगळा पट्टा शोषते. आपल्या डोळ्यांना दोन्ही मळकट पांढरेच दिसतील, पण योग्य पट्टे टिपणाऱ्या उपग्रहाला ते वेगळे दिसतात.

हे अदृश्य पट्टे आपल्याला दिसावेत म्हणून संगणकावर त्यांना लाल, हिरवा, निळा असे रंग देतात. याला मिथ्या रंग प्रतिमा म्हणतात. अशा चित्रात जंगल लालभडक दिसतं! मुलं हमखास विचारतात, "बाई, जंगलाला आग लागलीय का?" तेव्हा सांगायचं की झाडाची पानं अवरक्त प्रकाश खूप परत पाठवतात आणि त्या प्रकाशाला आपण लाल रंग दिला आहे, एवढंच.

लडाखसारख्या उघड्या, कोरड्या डोंगरांवर ही रंगांची युक्ती छान चालते. सह्याद्रीत मात्र पावसाळ्यात सगळं हिरवंगार, खडक झाकलेला. मग काय करायचं? तिथे रंगापेक्षा आकार कामाला येतो. नदी नागमोडी वाहता वाहता अचानक सरळ रेषेत जाऊ लागली, दोन-तीन ओढे एकाच रेषेवर काटकोनात वळले, तर त्या रेषेखाली खडकात भेग किंवा भ्रंश असण्याची शक्यता असते. पाणी नेहमी कमकुवत जागा शोधतं ना! आपल्या कोकणातले गरम पाण्याचे झरे आठवा. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून उन्हवरे, तुरळ, राजापूरपर्यंत ते एका उत्तर-दक्षिण पट्ट्यात आहेत. असा पट्टा गावात उभं राहून दिसत नाही, नकाशावर किंवा उपग्रहाच्या चित्रावर दिसतो.

उंची आणि हालचाल कशी कळते?

वर्गात एक प्रयोग करा. नाकासमोर बोट धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट सरकल्यासारखं दिसतं. लांबची खिडकी मात्र फारशी सरकत नाही. दोन वेगळ्या जागांवरून पाहिलं की जवळची वस्तू जास्त सरकते आणि लांबची कमी. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या कार्टोसॅट-१ वर याच तत्त्वाचे दोन कॅमेरे होते, एक थोडा पुढे बघणारा आणि एक थोडा मागे. दोन्ही चित्रांतला फरक मोजून डोंगराची उंची काढता येते. दरड कोसळण्याआधीची उंची आणि नंतरची उंची यांची वजाबाकी केली की किती खडक पडला तेही कळतं. तिसरी-चौथीची वजाबाकी, पण केवढ्या कामाची!

ढग आणि अंधार असेल तर साधा कॅमेरा हतबल होतो. तिथे रडार उपयोगी पडतं. रडार स्वतः लहरी पाठवतं आणि परत आलेल्या लहरी टिपतं. त्याला सूर्य लागत नाही आणि ढगही अडवत नाहीत. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडमध्ये दरड कोसळली. दुसऱ्याच दिवशी भारताच्या रीसॅट उपग्रहाच्या रडारने त्या जागेचं चित्र घेतलं. सुमारे ८ किलोमीटर लांब वाहत गेलेला राडारोडा त्यात मोजता आला.

एकाच जागेची दोन रडार चित्रं एकमेकांवर ताडून पाहिली, तर जमीन मधल्या काळात काही सेंटिमीटर जरी सरकली असली तरी कळू शकतं. याच कामासाठी इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर परत येतो.

आता त्या डोंगराची गोष्ट

उत्तराखंडमधला चमोली जिल्हा. तिथे ऋषिगंगा नदीच्या काठी रैणी नावाचं गाव आहे. १९७४ साली गौरादेवी आणि गावातल्या बायकांनी झाडांना मिठ्या मारून जंगल वाचवलं, ते हेच गाव. चिपको आंदोलन आपण शिकवतो, पण गावाचं नाव बहुतेक वेळा राहून जातं. यापुढे नक्की सांगा.

७ फेब्रुवारी २०२१, रविवारची सकाळ. साधारण दहा वाजून एकवीस मिनिटांनी वरच्या बाजूच्या रोंटी शिखराचा एक भाग सुटला. थोड्याच वेळात खालच्या दरीत चिखल, दगड आणि पाण्याचा लोंढा आला. ऋषिगंगेवरचा छोटा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला. त्याच्या खाली तपोवनला मोठ्या प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. तिथल्या बोगद्यात मजूर अडकले. मृत आणि बेपत्ता मिळून २०४ माणसं गेली. त्यातले बहुतेक कामावर आलेले मजूर होते.

पहिल्या काही तासांत सगळीकडे एकच बोललं जात होतं: हिमनदीचं तळं फुटलं असणार. अंदाज चुकीचा म्हणता येणार नाही, हिमालयात तसं होतं. पण लगेच उपग्रहाचे फोटो तपासायला सुरुवात झाली. प्लॅनेट नावाच्या कंपनीचे छोटे छोटे उपग्रह जवळजवळ रोज फोटो काढतात. त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत स्पष्ट दिसलं की वर फुटण्याजोगं मोठं तळं नव्हतंच. रोंटीच्या उत्तरेकडच्या उतारावर मात्र ताजी जखम होती. तळं फुटलं नव्हतं, डोंगराचा तुकडा पडला होता.

जगभरातल्या ५३ संशोधकांनी मिळून हा अभ्यास केला आणि तो त्याच वर्षी जूनमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातले आकडे मुलांना जरूर सांगा. सुमारे ५,५०० मीटर उंचीवरून साधारण २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटलं. एका ट्रकमध्ये १० घनमीटर माल धरला तर २७ लाख ट्रक! हे सगळं सुमारे १,८०० मीटर खाली दरीत आलं. आकारमानाने त्यात ८० टक्के खडक होता आणि २० टक्के बर्फ.

मग तळं नसताना एवढं पाणी आलं कुठून? मुलांना दोन्ही तळहात जोरात एकमेकांवर घासायला सांगा. गरम होतात ना? तसंच लाखो टन खडक घसरताना, आपटताना, घासताना प्रचंड उष्णता तयार झाली आणि सोबतचं जवळजवळ सगळं बर्फ वाटेतच वितळलं. दगडांचा गडगडाट खाली येता येता चिखलाचा लोंढा झाला. घर्षणाचा धडा शिकवताना याच्यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आणि मग जुने फोटो काढले गेले. त्यात दिसलं की तो तुकडा २०१६ पासूनच हळूहळू सरकत होता. २०१७ आणि २०१८ च्या उन्हाळ्यात तो सर्वांत जास्त सरकला. बर्फात आणि खालच्या खडकात पडलेली भेग काही ठिकाणी ८० मीटरपर्यंत रुंद झाली होती.

"मग आधी का नाही सांगितलं?"

आता त्या मुलीचा प्रश्न. मला समजलेलं उत्तर असं आहे.

पहिली गोष्ट, फोटो होते, पण त्या डोंगराकडे कोणी मुद्दाम बघत नव्हतं. उपग्रह रोज इतकी चित्रं पाठवतात की ती सगळी माणसांनी बघणं शक्य नाही. फोटो काढणं आणि फोटो बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या मोबाईलमध्ये हजारो फोटो पडून असतात, तसंच.

दुसरी गोष्ट, हिमनदीवर भेगा असणं नेहमीचं आहे. हिमालयात अशा भेगा असंख्य. त्यातली कोणती फक्त बर्फातली आणि कोणती खालच्या खडकापर्यंत गेलेली, हे वरून ओळखणं कठीण.

तिसरी गोष्ट, धोकादायक भेग ओळखली तरी डोंगर कोणत्या दिवशी सुटेल हे फोटो सांगत नाही. उपग्रह 'कुठे' हे बऱ्यापैकी सांगतो, 'कधी' हे क्वचितच.

आणि चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समजा कळलं, तरी ते बोगद्यातल्या मजुरापर्यंत पोहोचवायला खाली भोंगा लागतो, फोन लागतो, पळायची वाट ठरलेली लागते. वरच्या लोकांना लोंढा दिसला, त्यांनी त्याचे व्हिडिओही काढले. पण बोगद्यातल्या माणसाला तो दिसणार कसा? नदीत काही अंतरावर लोंढा ओळखणारं यंत्र आणि खाली भोंगा असता, तर काही मिनिटं तरी मिळाली असती. काही मिनिटांत माणूस उंचावर चढू शकतो.

म्हणजे त्या मुलीचा प्रश्न बरोबरच होता. उपग्रहाचा डोळा चांगला होता. डोळा आणि कान यांच्यातला माणसांचा धागा तुटलेला होता.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण दरडी आहेत. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, कारण रोजचं गाव त्याला जागेवर दिसेना. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड आली. तिथे गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना पावसात डोंगर चढून जावं लागलं. 'पोहोचायला अवघड भाग' म्हणजे फक्त हिमालय नव्हे, हे यावरून कळतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये देशातल्या दरडींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८० हजार दरडींची नोंद आहे, बहुतेक उपग्रह प्रतिमांवरून केलेली. याचा उपयोग काय? दरड एकदा पडली तिथे पुन्हा पडण्याची शक्यता असते. वायनाडला जिथे दरड पडली, त्या जागी जुन्या दरडीची नोंद याच संग्रहात होती. म्हणून जुनी जखम माहीत असणं फार मोलाचं आहे.

वर्गात आणि घरी करता येईल असं

१. इस्रोचं 'भुवन' हे संकेतस्थळ किंवा गुगल अर्थ उघडा. आधी आपली शाळा शोधा, मग नदी, मग जवळचा डोंगर. नदी कुठे सरळ रेषेत जाते ते मुलांना शोधू द्या. पारदर्शक कागदावर ओढे गिरवले की रचना आपोआप दिसते.

२. लोणार सरोवर बघा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, जवळजवळ गोल विवर. काठावर उभं राहून ते तळं वाटतं, वरून बघितलं की उल्काघाताची खूण दिसते.

३. गुगल अर्थमध्ये जुन्या वर्षांचे फोटो बघण्याची सोय आहे. आपल्या भागातली खाण, धरण किंवा घाटरस्ता दहा वर्षांपूर्वी कसा होता, ते ताडून पाहा.

४. सावलीची फसवणूक दाखवा. उपग्रह साधारण सकाळी फोटो काढतात. आपल्याकडे तेव्हा सूर्य बऱ्याचदा आग्नेयेला असतो आणि सावली चित्रात वरच्या बाजूला पडते. आपल्या मेंदूला प्रकाश वरून यायची सवय, म्हणून कधीकधी डोंगर दरीसारखे आणि दऱ्या डोंगरासारख्या दिसतात. चित्र उलटं धरा, लगेच बरोबर दिसेल. 'दिसतं तसं नसतं' हे वेगळं सांगायची गरज पडत नाही!

यासोबत एक गोष्ट मुलांना ठामपणे सांगा. चित्रावरून काढलेला निष्कर्ष हा अंदाज असतो. जिथे जाणं शक्य आहे तिथे जाऊन तो पडताळावाच लागतो. उपग्रहामुळे हातोडी सुटली असं नाही. हातोडी नेमकी कुठे मारायची ते आता कळतं, इतकंच.

पालकांसाठी थोडंसं

तुमचं घर डोंगराच्या पायथ्याशी असेल तर काही खुणा उपग्रहाच्या आधी तुम्हालाच दिसतील. उतारावर नवीन भेगा पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, झऱ्याचं स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, भिंतींना तडे जाणं, दारं-खिडक्या अडकू लागणं. पावसाळ्यात यातलं काही दिसलं तर "बघू उद्या" म्हणू नका. ग्रामपंचायतीला, तलाठ्यांना कळवा आणि जोराचा पाऊस असेल तर तिथे रात्र काढू नका. आणि मुलांनी असं काही येऊन सांगितलं तर त्यांना गप्प बसवू नका.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या मुलीला वरची चारही कारणं सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग बाई, फोटो बघायला माणसं कमी आहेत म्हणायचं." मी म्हटलं, "हो. तू मोठी झालीस की बघशील का?" ती हसली. त्या दिवसापासून आमच्या वर्गात एक वही ठेवली आहे. शाळेतून समोरचा डोंगर दिसतो. दर सोमवारी दोन मुलं तो बघतात आणि काय बदललं ते वहीत लिहितात. बहुतेक वेळा 'काही बदल नाही' असंच लिहिलेलं असतं. ते वाचून मला बरं वाटतं.

तुमच्याही शाळेतून डोंगर दिसत असेल, तर अशी एक वही सुरू करून बघा.